कॉमन भिंतीतून येणारा शेजारचा आवाज: फोम, व्हिनाइल की जिप्सम?

'साउंडप्रूफिंग' म्हणून दुकानात विचारा किंवा ऑनलाइन शोधा, सगळ्यांत आधी समोर येतो तो करडा, पिरॅमिडच्या आकाराचा फोम. फूटभर लांबी-रुंदीचे तुकडे, मागे चिकटपट्टी, किंमत खिशाला झेपणारी. शेजारचा टीव्ही आणि बोलणं ऐकू येतं म्हणून हा फोम घेत असाल, तर घेऊ नका. पन्नास मिलिमीटर जाडीचा असा फोम चौरस मीटरला जेमतेम दीड किलो भरतो. ज्या भिंतीवर तो चिकटवायचा, ती चौरस मीटरला दीडशे ते चारशे किलोची असते. भिंत आवाज अडवते ती मुख्यतः वजनाने, आणि त्यात दीड किलोची भर कानाला कळतसुद्धा नाही.

पाकिटावरचा 'एनआरसी ०.७' हा आकडा खोटा नसतो. त्याचा अर्थ इतकाच, की खोलीत निर्माण झालेला आवाज फोमवर आदळला की त्यातला बराचसा शोषला जातो. म्हणजे तुमच्याच खोलीतला घुमारा कमी होतो. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना आणि ऑनलाइन शिकवणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पलीकडून येणाऱ्या आवाजासाठी वेगळा आकडा बघावा लागतो, तो एसटीसी (जितका जास्त, तितका आवाज जास्त अडतो), आणि फोमच्या पाकिटावर तो सापडत नाही. पीईटीची, म्हणजे दाबलेल्या पॉलिस्टर फेल्टची नऊ मिलिमीटरची रंगीत पॅनेल्स, लाकडी पट्ट्यांची फ्लुटेड पॅनेल्स यांचंही तेच. दिसायला सुरेख, घुमाऱ्यावर ठीक, शेजाऱ्यावर निरुपयोगी. विटांच्या नक्षीचे थ्रीडी स्टिकर तर आवाज शोषतही नाहीत. फोमबद्दल आणखी एक गंभीर गोष्ट: साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. झोपायच्या खोलीत, स्विचबोर्डाच्या शेजारी तो भिंतभर लावणं धोक्याचं आहे.

आधी भिंत कोणती ते पाहा

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दोन घरांमधली भिंत साधारण चार प्रकारची असते. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जाते आणि तिचा एसटीसी ४२ ते ४५ धरावा. नऊ इंची विटेची ५० च्या पुढे जाते. मायवान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतून बांधलेल्या टॉवरमधली दीडशे मिलिमीटरची काँक्रीटची भिंत ५२ ते ५५. आणि सहा इंची सिपोरेक्स, म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत, जाडीला भरभक्कम दिसते, पण प्लास्टर धरूनही तिचं वजन साडेचार इंची विटेच्या निम्म्याहून थोडंच जास्त असतं. तिचा एसटीसी ४० ते ४४. नव्या इमारतीत 'भिंत तर सहा इंची आहे, मग आवाज का येतो' असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर या वजनात आहे.

भिंत ओळखणं सोपं आहे. खिळा हाताच्या दाबाने आणि दोन ठोक्यांत शिरला, पांढरट-करडी भुकटी पडली तर सिपोरेक्स. लाल भुकटी पडली तर वीट. ड्रिल सरकतच नसेल आणि हॅमर मोडवर टाकावं लागत असेल तर काँक्रीट. जुन्या चाळीतल्या खोल्यांमध्ये कधी लाकडी चौकटीची पातळ भिंतही निघते, तिचा विचार पुढे केला आहे.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम: फटी

शेजारचं बोलणं शब्दन् शब्द समजत असेल, तर पैसे भिंतीवर घालण्याआधी फट शोधा. भरीव भिंतीतून आलेला आवाज बोथट होतो, 'स', 'श', 'च' यांची धार जाते. ती धार शाबूत असेल तर हवेला कुठूनतरी थेट वाट आहे असं समजा. बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच भिंत घ्या. तिच्यात एक मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब अशी आरपार चीर असेल, तर भिंत कितीही उत्तम असो, तिची एकूण क्षमता चाळीस डेसिबलच्या आसपास अडकते. म्हणजे काँक्रीटची भिंत बांधूनही हाती काय, तर सिपोरेक्स.

फट सापडते ती ठरावीक ठिकाणी. पहिली जागा बीमच्या खाली. ब्लॉकचा शेवटचा थर आणि बीमचा तळ यांमध्ये मिस्त्री मसाला कोंबतो, तो वाळताना आकसतो आणि भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग पडते. दुसरी जागा त्याहून वाईट: फॉल्स सीलिंगच्या वर आणि माळ्याच्या आत. जे दिसत नाही तिथे प्लास्टर अर्धवट सोडलेलं असतं, आणि बिनप्लास्टरच्या ब्लॉकच्या सांध्यांतून आवाज सहज येतो. सीलिंगमधला एखादा लाइट काढून मोबाइलचा कॅमेरा आत घाला आणि टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मी प्रकरणं तिथेच उलगडतात. तिसरी जागा पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड. दोन्ही घरांचे डबे एकाच ठिकाणी आले की मधली भिंत इंच-दीड इंचच उरते, कधी तेवढीही नाही. चौथी, केबलवाल्याने किंवा इंटरनेटवाल्याने आरपार पाडलेलं आणि नंतर नुसत्या पुट्टीने लिंपलेलं भोक.

भरण्याची पद्धत अशी. भेग दहा मिलिमीटर रुंद आणि पंधरा-वीस मिलिमीटर खोल उघडा, ब्रशने धूळ पूर्ण काढा, कारण धुळीवर सीलंट धरत नाही. आत फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा आणि वरून न कडकणारा अॅक्रिलिक सीलंट दहा मिलिमीटर भरा. तो वाळला की जाळीची पट्टी आणि पुट्टी. नुसती पुट्टी किंवा व्हाइट सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात भेग तिथेच परत येते. वीस मिलिमीटरपेक्षा मोठी फट आधी न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी. डब्यातून फवारायचा पीयू फोम सगळ्यांना आवडतो, फुगून जागा भरतो, पण वजनाला काहीच नसतो आणि आवाज त्यातून जातो. त्याच्यावर कामाचा शेवट करू नका. स्विचबोर्डाच्या बाबतीत एमसीबी बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून डब्याच्या मागची आणि बाजूची पोकळी मसाल्याने भरून घ्यावी. पाइपची तोंडं आगरोधक पुट्टीने बुजवावीत.

या सगळ्याचा खर्च मुख्यतः मजुरीचा. आमच्या मते हे काम न करता पुढच्या कोणत्याही वस्तूवर रुपया घालू नये.

एक गोष्ट याच वेळी तपासा: आवाज खरंच भिंतीतून येतोय का. दोन्ही घरांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडत असतील, किंवा मुख्य दरवाजे पॅसेजमध्ये समोरासमोर असतील आणि दाराखाली बोटभर फट असेल, तर भिंतीवर केलेलं काम वाया जाणार. कान भिंतीला, मग डक्टच्या खिडकीला, मग दाराला लावून बघा. मोठा आवाज कुठे, ते कळतं.

व्हिनाइलची जड चादर

एमएलव्ही, म्हणजे जड व्हिनाइलचे रोल, आजकाल 'स्टुडिओत वापरतात तेच' असं सांगून विकले जातात. तीन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडी, चौरस मीटरला पाच किलो. माल खरा आहे, फक्त जागा चुकते. अडीचशे किलोच्या विटेच्या भिंतीवर ते थेट चिकटवलं तर हिशोबाने पाव डेसिबलसुद्धा पदरी पडत नाही. तेच व्हिनाइल चाळीतल्या किंवा ऑफिसातल्या प्लायच्या पार्टिशनवर लावलं, जिथे मुळात भिंत पंधरा किलोची आहे, तर फरक ऐकू येतो, कारण तिथे वजन एक तृतीयांशाने वाढतं. म्हणून पातळ लाकडी भिंत असेल तर एमएलव्ही घ्या, सांध्यांवर पन्नास मिलिमीटर चढवून टेपने बंद करा. वीट, सिपोरेक्स, काँक्रीट असेल तर तेच पैसे जिप्समच्या दुसऱ्या थरात घाला.

भिंतभर कपाट हा उपायही लोक विचारतात. जमिनीपासून स्लॅबपर्यंत गेलेलं, मागे प्लाय असलेलं, कपड्यांनी भरलेलं कपाट बोलण्याचा आवाज थोडा कमी करतं, टीव्हीच्या बासवर चालत नाही. कपाट नाहीतरी करायचंच असेल तर त्या भिंतीला करा आणि भिंतीपासून इंचभर सुटं ठेवा. फक्त आवाजासाठी करू नका.

ज्याची शिफारस करतो ते: स्वतंत्र उभी जिप्सम लायनिंग

शेजारच्या भिंतीला न टेकता तिच्यासमोर उभी राहणारी दुसरी भिंत. मधे पोकळी, पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), वर जिप्समचे दोन थर, कडा हवाबंद. बाजारातल्या सगळ्या पर्यायांत विटेच्या किंवा सिपोरेक्सच्या भिंतीवर ऐकू येईल असा फरक पाडणारा हा एकच आहे. प्रयोगशाळेत अशी लायनिंग दहा ते पंधरा डेसिबलची भर घालते. घरात आवाज स्लॅबमधून आणि बाजूच्या भिंतींतूनही फिरून येतो, म्हणून आठ-दहा डेसिबल मिळाले तर काम चोख झालं असं धरा. दहा डेसिबलची घट म्हणजे कानाला आवाज निम्मा वाटणं.

बारा बाय साडेनऊ फुटांच्या एका भिंतीला लागणारं साहित्य असं. साडेबारा मिलिमीटर जाडीचे, सहा बाय चार फुटांचे जिप्सम बोर्ड, ज्यांना कारागीर सरसकट जिप्रॉक म्हणतात, बारा नग. ७० मिलिमीटरचे जीआय स्टड, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब, सात, दर दोन फुटांवर एक. वर आणि खाली मिळून चोवीस फूट फ्लोअर चॅनेल, ज्यात स्टडची टोकं बसतात. चॅनेलखाली लावायची रबर किंवा निओप्रीनची पट्टी तेवढीच. पन्नास मिलिमीटर जाडीचं, ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, एक मीटर बाय साठ सेंटीमीटरच्या अठरा-एकोणीस लाद्या. तीनशे मिलीचे अकॉस्टिक सीलंटचे पाच कार्ट्रिज. पहिल्या थराला २५ मिलिमीटरचे स्क्रू, दुसऱ्याला ३५ चे. खोलीची साधारण साडेचार इंच जागा जाते. एकूण वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास होतं, काँक्रीटच्या स्लॅबला ते जड नाही. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या इमारतीत मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

स्टड ५० चा की ७० चा यावर काँट्रॅक्टर हमखास घासाघीस करतो. साडेनऊ फूट उंचीला ५० चा एकेरी स्टड लटपटतो. मग तो थांबवायला कारागीर काय करतो? मधोमध एक एल क्लँप मारून स्टड मूळ भिंतीला जखडतो. तिथेच सगळं काम फुकट गेलं, कारण शेजारच्या भिंतीची थरथर त्या क्लँपमधून सरळ नव्या भिंतीत उतरते. म्हणून ७० चाच घ्या, आणि स्टड मूळ भिंतीपासून पंधरा मिलिमीटर सुटा आहे की नाही ते बोर्ड लागायच्या आधी स्वतः बघा. पुठ्ठ्याचा तुकडा प्रत्येक स्टडमागून वरपासून खालपर्यंत अडथळ्याशिवाय सरकला पाहिजे.

बोर्ड लावण्याचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या थरात खाली सहा फुटी बोर्ड, वर साडेतीन फुटांचा तुकडा. दुसऱ्या थरात उलट, खाली साडेतीन आणि वर सहा, शिवाय सुरुवात दोन फुटांच्या उभ्या तुकड्याने, म्हणजे उभे-आडवे कोणतेच सांधे एकावर एक येत नाहीत. बोर्ड फरशीला, स्लॅबला आणि बाजूच्या भिंतींना टेकवायचा नाही, चारही बाजूंनी पाच मिलिमीटर सोडून ती फट दोन्ही थरांवर वेगवेगळी सीलंटने भरायची. कारागीर पहिल्या थराला सीलंट टाळतो, 'वरच्या थरात झाकलं जाईल' म्हणतो. झाकलं जातं, बंद होत नाही.

लायनिंग स्लॅबला जाऊन भिडली पाहिजे. फॉल्स सीलिंग असेल तर ते त्या कडेला फूटभर कापावं लागतं. सीलिंगच्या खालीच थांबवलेली लायनिंग हा सगळ्यांत महागडा गाढवपणा, कारण आवाज वरून वळसा घालून खाली येतो.

रॉकवूलऐवजी थर्मोकोल घालतो, 'तेच काम करतं' असं ऐकायला मिळेल. अजिबात मान्य करू नका. थर्मोकोल बंद पेशींचा आणि ताठ असतो, आवाज शोषत नाही. ग्लासवूल चालतं, मात्र ते खाली घसरणार नाही असं बसवून घ्या. उलट ९६ घनतेच्या रॉकवूलसाठी जास्त पैसे देण्याचीही गरज नाही. काम करणाऱ्यांनी मास्क आणि हातमोजे घालावेत, तंतू टोचतात.

आता स्वस्तातली आवृत्ती, जी सर्रास विकली जाते: भिंतीवर इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि वर एकच बोर्ड. हिने आवाज वाढू शकतो. बोर्ड, मधली कोंडलेली हवा आणि भिंत मिळून एका ठरावीक स्वराला कंप पावतात. एवढ्या कमी पोकळीत आणि हलक्या बोर्डात तो स्वर १३० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा खर्ज आणि टीव्हीचा घुमणारा भाग. वर सांगितलेल्या लायनिंगमध्ये वजन दुप्पट आणि पोकळी तिपटीहून जास्त, त्यामुळे तोच स्वर ५० हर्ट्झच्या जवळ उतरतो, जिथे घरगुती आवाज फारसा नसतो. इंचभर जागा वाचवण्याच्या नादात हे गणित मोडतं.

भिंतीला ओल असेल, विशेषतः पलीकडे शेजारचं बाथरूम असेल, तर आधी गळती थांबवा आणि एक पावसाळा कोरडा जाऊ द्या. ओल्या पोकळीत रॉकवूल भिजून बसतं आणि बोर्डाला बुरशी धरते. नव्या भिंतीत स्विचबोर्डाचे डबे कोरू नका, वरून बसणारे सरफेस बोर्ड लावा. टीव्हीचा ब्रॅकेटही तिच्यावर नको.

याने जे कमी होणार नाही

मिक्सर, घरघंटी, वॉशिंग मशीन, खलबत्ता, खुर्ची ओढणं, स्लॅबच्या हुकाला टांगलेला झोपाळा. हे आवाज हवेतून भिंतीवर आदळत नाहीत, थेट इमारतीच्या सांगाड्यात शिरतात आणि स्लॅबमधून चहूकडे पसरतात. ओट्याची ग्रॅनाइट किंवा कडप्पा भिंतीत खाच पाडून घुसवलेली असते, त्यामुळे तिच्यावर चालणारा मिक्सर म्हणजे भिंतीवरच चालणारा मिक्सर. हाताचा तळवा भिंतीवर ठेवा. आवाजाबरोबर थरथर जाणवली तर लायनिंगवर खर्च करू नका.

इथे उपाय पलीकडच्या घरात असतो आणि तो शंभरपट स्वस्त असतो. मिक्सरखाली दहा-बारा मिलिमीटरचं निओप्रीन, घरघंटी आणि मशीनच्या चार पायांखाली व्हायब्रेशन पॅड आणि भिंतीपासून दोन इंच अंतर, खलबत्त्याखाली चार घड्यांचं गोणपाट, खुर्च्यांना फेल्ट. भिंतीला ठोकलेला टीव्ही किंवा स्पीकर स्टँडवर उतरवला तर बासचा मोठा हिस्सा जातो. हे पॅड स्वतः विकत घेऊन शेजारच्या काकूंकडे नेऊन द्यावेत, हा आमचा मनापासून सल्ला आहे. तक्रारीचा अर्ज नंतरही देता येतो. म्युझिक सिस्टिमच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे: ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

काम कोणाला द्यावं

'साउंडप्रूफिंग स्पेशालिस्ट' म्हणवणारे बरेच जण फोम आणि पॅनेल विकणारे असतात. ते भिंत न बघता, फोनवरच चौरस फुटाचा दर सांगत असतील तर पुढे जाऊ नका. नीट सांगितलं आणि जवळ उभं राहून करून घेतलं तर चांगला फॉल्स सीलिंगवाला हे काम उत्तम करतो. त्याच्याकडे औजारं आणि हात दोन्ही असतात, फक्त 'टेकवायचं नाही' ही सवय नसते. त्याचा नेहमीचा एकेरी बोर्डाच्या लायनिंगचा दर विचारा. दोन थर, रॉकवूल आणि सीलंट धरून त्याच्या दुप्पटीच्या आसपास आकडा आला तर वाजवी. सोसायटीला आधी अर्ज द्या, कामाच्या वेळा पाळा.

कोटेशनमध्ये 'साउंडप्रूफ' हा शब्द चालवून घेऊ नका. बोर्डाची जाडी आणि थर, स्टडचा आकार, भिंतीपासूनचं अंतर, रॉकवूलची जाडी आणि घनता, सीलंटचा प्रकार, आणि 'मूळ भिंतीला एकही क्लँप नाही' हे वाक्य लेखी घ्या. 'एसटीसी ६०' असं छापलेलं पत्रक दाखवलं तर तो आकडा प्रयोगशाळेत बांधलेल्या पूर्ण पार्टिशनचा असतो, तुमच्या घरातल्या भिंतीचा नव्हे.

वीस टक्के रक्कम चाचणीपर्यंत राखून ठेवा. चाचणी घरच्या घरी होते. शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या खोलीत, भिंतीपासून सहा फुटांवर, स्पीकरवर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा, खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंतचा एकसारखा खरखराट) ८५ डेसिबलला वाजवा. त्याच मोबाइलने, त्याच अॅपवर दोन्ही खोल्यांत चार-पाच जागी मोजून सरासरी काढा आणि वजाबाकी करा. मोबाइलचा आकडा स्वतः अचूक नसला तरी एकाच फोनच्या दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. पंखा, फ्रिज, एसी बंद हवेत, स्पीकर बंद असताना तुमच्या खोलीत, तो चालू असतानाच्या आकड्यापेक्षा दहा डेसिबल तरी कमी दिसले पाहिजेत, नाहीतर मोजमाप रस्त्याचं होईल. हीच मोजणी काम सुरू होण्याआधी एकदा करून काँट्रॅक्टरची सही घ्या. नंतरचा फरक आधीपेक्षा किमान सात-आठ डेसिबलने वाढला नाही, तर कडेचा सीलंट आणि सीलिंगच्या वरचा भाग त्याच्याकडून उघडून तपासून घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या.